पाटीवरच्या तांब्याच्या वाटा

तुमच्या घरात एखादा बिघडलेला, टाकून द्यायला काढलेला टीव्हीचा रिमोट आहे का? असेल तर आईबाबांना विचारा, त्यातले सेल काढा आणि मागचा स्क्रू सोडवून तो उघडा. मात्र भिंतीतल्या प्लगला जोडायची कोणतीही वस्तू उघडायची नाही बरं का! ती बंद असली तरी तिच्यात वीज साठून राहिलेली असू शकते. सेलवर चालणारा रिमोट किंवा जुनं खेळणं आपल्याला पुरे आहे.

आत एक पातळ पाटी दिसेल. हिरवी नाहीतर तपकिरी. तिच्यावर वळणं घेत, एकमेकींना चुकवत जाणाऱ्या अनेक रेघा दिसतील. गावाच्या नकाशावर रस्ते असतात ना, अगदी तशा! त्या नुसत्या शोभेच्या रेघा नाहीत. त्या तांब्याच्या वाटा आहेत आणि त्यांवरून वीज चालते. या पाटीला म्हणतात प्रिंटेड सर्किट बोर्ड. मराठीत छापील परिपथाची पाटी. दुकानात मात्र सगळे ‘पीसीबी’च म्हणतात, म्हणून आपणही तेच म्हणू.

ही पाटी मोठ्या कारखान्यातच होत असेल, असं माझ्या वर्गातल्या मुलांना वाटायचं. खरं सांगू? मलाही तसंच वाटायचं. मी डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका. इंजिनिअर नव्हे. पण एका वर्षी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी सातवीच्या मुलांना घेऊन मी ही पाटी बनवायला बसले. पाटी झाली, छान झाली, आणि चाललीच नाही! ती का चालली नाही आणि चूक कुणाची निघाली, ते मी सांगणार आहे. पण आधी पाटी कशी करायची ते पाहू, म्हणजे चूक तुम्हालाच सापडते का ते कळेल.

तारांचं जंजाळ

आजोबांच्या काळचा, मोठ्या काचेच्या व्हॉल्व्हचा रेडिओ कुणी आतून पाहिला आहे? त्यात पाटी नसायची. प्रत्येक भाग दुसऱ्या भागाला तारेच्या तुकड्याने जोडलेला असायचा. एकेक तार कापायची, सोलायची, सोल्डर करायची. शंभर रेडिओ करायचे तर हेच काम शंभर वेळा! त्यात एखादी तार चुकीच्या ठिकाणी लागली, की ती शोधता शोधता पुरेवाट.

पाउल आइस्लर नावाच्या इंजिनिअरने यावर उपाय शोधला. तो १९०७ साली व्हिएन्नात जन्मला आणि १९३६ साली इंग्लंडला गेला. त्याला छपाईच्या कामाचीही माहिती होती. त्याच्या मनात आलं, हजारो पानांवर एकच चित्र छापता येतं, तर तारांची जोडणी का छापता येऊ नये? त्याने एका पाटीवर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवला. त्यावर हव्या त्या वाटा शाईने झाकल्या आणि उरलेलं तांबं रसायनाने खाऊन टाकलं. शाईखालचं तांबं तेवढं वाचलं. झाली जोडणी! अशा पाटीवर त्याने रेडिओ बनवला आणि १९४३ साली पेटंटसाठी अर्ज केला.

यातली गंमत लक्षात आली का? पूर्वी वर्तमानपत्रांत आणि मासिकांत चित्रं छापायला जस्ताचे ब्लॉक वापरत. तेही असेच व्हायचे. ठेवायचा भाग झाकायचा आणि बाकीचा आम्लाने खायचा. म्हणजे पीसीबी ही छापखान्याचीच धाकटी बहीण म्हणायची!

आपण काय बनवणार?

पहिल्यांदा मोठं काही करायला जाऊ नका. आपण दोन दिव्यांची उघडझाप करू. डावा दिवा लागला की उजवा विझेल, उजवा लागला की डावा विझेल. यासाठी लागणारं सामान असं:

बीसी ५४७ या नंबरचे २ ट्रान्झिस्टर. ४७० ओहमचे २ रेझिस्टर. ४७ किलोओहमचे २ रेझिस्टर. २२ मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे २ कपॅसिटर. २ लाल एलईडी. ४ पेन्सिल सेल आणि ते बसवायचं होल्डर. तांबं लावलेली पाटी, ५ सेंटिमीटर लांब आणि तेवढीच रुंद. दुकानात तिला कॉपर क्लॅड म्हणतात. ती पुठ्ठ्यासारखी तपकिरी मिळते, ती स्वस्त. काचतंतूंची फिकट पिवळसर हिरवी मिळते, ती जास्त मजबूत. याशिवाय फेरिक क्लोराइडचं तयार द्रावण, काळा परमनंट मार्कर, बारीक पॉलिश पेपर, आलेखाचा कागद, एक मिलिमीटरचं ड्रिल आणि २५ वॅटची सोल्डरिंगची इस्त्री.

मुंबईत हे सामान ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतं, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत. तुमच्या गावात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे काका असतील, तर त्यांना विचारा. बरंचसं त्यांच्या खणातच निघेल.

घरी आल्यावर आधी रेझिस्टर वेगळे करा. ४७० ओहमवर पिवळा, जांभळा आणि तपकिरी असे पट्टे असतात. ४७ किलोओहमवर पिवळा, जांभळा आणि नारिंगी. फरक फक्त तिसऱ्या पट्ट्याचा! संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात तपकिरी आणि नारिंगी हमखास फसवतात, म्हणून हे काम दिवसा करा आणि चौघांच्या दोन वेगळ्या पुड्या बांधा.

आता जोडणी. एका ट्रान्झिस्टरची सांगते, दुसऱ्याची तशीच. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, की डावीकडून पाय येतात ते कलेक्टर, बेस आणि एमिटर. एमिटर सेलच्या ऋण टोकाला जोडायचा. कलेक्टर आणि धन टोक यांच्या मध्ये ४७० ओहमचा रेझिस्टर आणि एलईडी, एकापुढे एक. एलईडीचा लांब पाय धन टोकाच्या बाजूला. बेस आणि धन टोक यांच्या मध्ये ४७ किलोओहम. उरले कपॅसिटर. डाव्या कलेक्टरपासून उजव्या बेसपर्यंत एक, उजव्या कलेक्टरपासून डाव्या बेसपर्यंत दुसरा. दोन्हींचा धन पाय कलेक्टरकडे आणि ऋण पाय बेसकडे.

हे चालतं कसं? सीसॉवर बसलेली दोन मुलं डोळ्यांपुढे आणा. एक खाली गेलं की दुसरं वर. डावा ट्रान्झिस्टर चालू झाला, की त्याचा कपॅसिटर उजव्याला काही काळ बंद ठेवतो. हळूहळू उजव्याच्या बेसवरचा दाब वाढत जातो. तो साधारण ०.६ व्होल्ट झाला की उजवा चालू होतो आणि त्याच क्षणी डाव्याला बंद करतो. मग पुन्हा उलट. किती वेळाने? ०.७ गुणिले रेझिस्टर गुणिले कपॅसिटर. आपले आकडे घातले तर ०.७ × ४७००० × ०.००००२२ म्हणजे सुमारे ०.७२ सेकंद. २२ ऐवजी १०० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर घातले, तर हाच वेळ होईल ३.३ सेकंदांच्या आसपास. करा बरं गुणाकार!

कागदावरचं काम

पाटी बिघडते ती बहुतेक वेळा कागदावरच. म्हणून या कामाला एक अख्खी दुपार द्या.

आलेखाच्या कागदावर ५ सेंटिमीटरचा चौकोन काढा. वरच्या कडेने धन वाट, खालच्या कडेने ऋण वाट. मध्ये दोन ट्रान्झिस्टर. प्रत्येक भाग खरोखरच कागदावर ठेवून बघा आणि त्याचे पाय जिथे टेकतील तिथे ठिपके द्या. मग ठिपक्यांना वाटांनी जोडा.

इथे एक अडचण येते. कपॅसिटरच्या दोन जोडण्या एकमेकींना छेदतात. वहीत रेघ रेघेला छेदून गेली तर बिघडत नाही. पण तांब्यावर दोन वाटा एकमेकींना भेटल्या की त्या एकच होतात! मग काय करायचं? आपल्याकडे रेल्वेच्या रुळांवरून रस्ता नेताना काय करतात? पूल बांधतात. आपला पूल म्हणजे तो भागच. कपॅसिटरचे पाय जरा फाकवा. एक पाय वाटेच्या अलीकडे, दुसरा पलीकडे. कपॅसिटर पाटीच्या वरच्या बाजूला आणि वाट खालच्या बाजूला, म्हणजे दोघांची गाठच पडत नाही. कुठेच जमलं नाही तर तारेचा छोटा तुकडा टाकून पूल करता येतो. त्याला जंपर म्हणतात.

माझ्या मुलांना हे कोडं फारच आवडलं होतं. मधल्या सुट्टीत डबे बाजूला ठेवून ती वाटा आखत बसायची. एकाही जंपरशिवाय कुणाचं जमतं, अशी पैजच लागली होती.

वाट निदान दीड-दोन मिलिमीटर रुंद ठेवा. दोन वाटांमधलं अंतरही तेवढंच. ठिपक्याभोवती तीन मिलिमीटरचं गोल वर्तुळ. वाटा फार बारीक करू नका, कारण रसायन फक्त वरून खात नाही, शाईच्या कडेखाली शिरून आडवंही खातं.

तांब्यावरचं काम

पाटी हॅक्सॉ ब्लेडने कापा आणि कडा घासून घ्या. मग तांबं बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा, साबणाने धुवा, कोरडं करा. आता त्याला बोट लावायचं नाही! बोटाच्या तेलकट डागावर शाई नीट धरत नाही. पाटी कडेने धरायची सवय लावा.

आराखडा चिकटपट्टीने तांब्यावर बसवा. प्रत्येक ठिपक्यावर खिळ्याचं टोक ठेवून हलकेच टकटक करा. तांब्यावर बारीक खड्डे उमटतील. कागद काढा, खड्ड्यांभोवती मार्करने वर्तुळं काढा, वर्तुळं वाटांनी जोडा. शाई वाळली की पुन्हा एकदा त्याच वाटांवरून मार्कर फिरवा. उजेडात तिरकी धरून बघा, शाईतून तांबं चमकत असेल तर तिसरा हात द्या.

ज्यांच्याकडे लेझर प्रिंटर आहे, ते आराखडा गुळगुळीत कागदावर छापून गरम इस्त्रीने त्याची शाई तांब्यावर उतरवतात. त्याने वाटा अधिक बारीक येतात. पण पहिली पाटी हातानेच काढा. हाताने काढलेली वाट डोक्यात राहते.

आता मोठ्यांनी जवळ बसायचं. फेरिक क्लोराइड हे काही खेळायचं पाणी नाही. ते कातडीला आणि डोळ्यांना इजा करतं, कपड्यावर आणि फरशीवर पडलं तर न निघणारा पिवळा-तपकिरी डाग पाडतं. रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. काम स्वयंपाकघरात नको. अंगणात किंवा गॅलरीत, खाली जुनी वर्तमानपत्रं पसरून करा. कोरडी पूड आणून पाण्यात कालवायच्या फंदात पडू नका. पूड विरघळताना पाणी फार तापतं आणि उडू शकतं. तयार द्रावणच आणा.

भांडं प्लॅस्टिकचं घ्या. स्टीलचं किंवा ॲल्युमिनिअमचं अजिबात नको, रसायन पाटीच्या आधी भांडंच खायला घेईल! आइस्क्रीमचा रिकामा डबा उत्तम, पण त्यात पुन्हा कधीही खायचं ठेवायचं नाही. डब्यात पाटी बुडेल इतकं द्रावण ओता आणि तो डबा गरम पाण्याच्या पसरट टबात ठेवा. कोमट द्रावण लवकर काम करतं. शेगडीवर मात्र ठेवायचं नाही. पाटी आत सोडा आणि डबा हळूहळू हलवत राहा, बाळाचा पाळणा हलवतो तसा.

तांबं गेलं कुठे?

पहिली पाच मिनिटं काही होत नाही असं वाटतं. तांब्याची चमक जाते आणि ते गुलाबीसर, मळकट दिसतं. मग कडांपासून पाटीचा खरा रंग डोकावू लागतो आणि बघता बघता तांब्याचं बेट लहान लहान होत जातं. माझ्या वर्गातली चाळीस मुलं त्या वेळी एकही आवाज न करता उभी होती. हे मला दुसऱ्या कोणत्याही तासाला जमलेलं नाही!

पाटीवरचं तांबं बहुधा ३५ मायक्रॉन जाड असतं. म्हणजे असे अठ्ठावीस थर एकावर एक ठेवले तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. फेरिक क्लोराइड या तांब्याशी संयोग पावतं, तांब्याचं क्लोराइड बनतं आणि ते पाण्यात विरघळतं. तांबं नाहीसं होत नाही. ते पाटीवरून पाण्यात जातं, एवढंच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दर पाच मिनिटांनी प्लॅस्टिकच्या चिमट्याने पाटी उचलून बघा. द्रावण ताजं आणि कोमट असेल तर १५ ते ३० मिनिटांत काम होतं. उघडं तांबं गेलं की लगेच बाहेर काढा, नाहीतर वाटाही खाल्ल्या जातील. पाटी आधी पाणी भरलेल्या एका डब्यात बुचकळा. मग कोरडी करून कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन शाई पुसा. काळ्या शाईखालून लखलखीत तांब्याच्या वाटा बाहेर येतात. तो क्षण वाचून कळायचा नाही!

भिंगातून प्रत्येक वाट तपासा. कुठे केसाएवढी चीर पडली आहे का? दोन वाटांच्या मध्ये तांब्याचा धागा राहिला आहे का? धागा ब्लेडच्या टोकाने खरवडता येतो. चीर सोल्डरने बुजवता येते.

मग खड्ड्यांवर भोकं पाडा. भुसा तोंडाने फुंकायचा नाही. काचतंतूंची पाटी असेल तर तो भुसा श्वासाबरोबर जाणं वाईट, म्हणून नाकाला रुमाल नाही, मास्क लावा आणि भुसा ओल्या फडक्याने पुसा.

भाग वरच्या बाजूने घालायचे आणि पाय खालच्या बाजूला, तांब्यावर, सोल्डर करायचे. इस्त्रीचं टोक पायाला आणि तांब्याला एकाच वेळी टेकवा, सोल्डरची तार लावा, दोन-तीन सेकंदांत इस्त्री उचला. टाका चमकदार आणि छोट्या डोंगरासारखा दिसला पाहिजे. गोळी होऊन बसला तर कच्चा. जास्त वेळ इस्त्री टेकवली तर तांब्याची वाटच पाटीवरून सुटते. साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं, ते शरीराला घातक, म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नका. धूर नाकात जाऊ नये म्हणून खिडकी उघडी ठेवा.

आमची पाटी का चालली नाही?

आता आमची गोष्ट. प्रदर्शन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. सगळे टाके घालून झाले. सोल्डरचं काम वर्गातल्या एका मुलीने केलं होतं, कारण तिचा हात सगळ्यांत स्थिर. सेल बसवले. दोन्ही दिवे लागले, पण अगदी मिणमिणते. आणि उघडझाप? नावालाही नाही!

मी पाटी हातात घेतली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “टाके कच्चे राहिलेत तुझे. पुन्हा कर.” ती काही बोलली नाही. तिने सगळे टाके पुन्हा गरम केले. दिवे तसेच मिणमिणते. मी म्हणाले, “नीट लक्ष दे ना जरा!” तिने तिसऱ्यांदा केले. तेव्हा एका ठिकाणची वाट उष्णतेने सुटून वर आली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरं गप्प झाली.

शाळा सुटली. बाकीची मुलं गेली, ती गेली नाही. खिडकीशी उभी राहून ती माझा आराखडा एका हातात आणि पाटी दुसऱ्या हातात धरून कितीतरी वेळ बघत होती. मग हळूच म्हणाली, “बाई, हे आरशातलं झालंय का?”

मी बघितलं आणि मटकन खुर्चीत बसले. आराखडा मी काढला होता. वरून, म्हणजे भागांच्या बाजूने बघून. आणि तोच जसाच्या तसा मुलांना तांब्यावर उतरवायला दिला होता. पण तांबं असतं खालच्या बाजूला! पाटी उलटी केली की डावं उजवीकडे जातं. त्यामुळे कलेक्टरच्या जागी एमिटर आणि एमिटरच्या जागी कलेक्टर गेला होता. मधला बेस मात्र बरोबर. कपॅसिटरच्या आणि एलईडीच्या धन खुणा तिने तांब्यावर भोकांशेजारी लिहून ठेवल्या होत्या, म्हणून ते सगळे वाचले. ट्रान्झिस्टर तिने माझ्या आराखड्याप्रमाणे घातले होते. म्हणजे चूक तिची नव्हतीच. चूक माझी होती!

उपाय किती सोपा होता सांगू? दोन ट्रान्झिस्टर काढले, सपाट बाजू विरुद्ध दिशेला करून पुन्हा घातले. सुटलेल्या वाटेच्या जागी तारेचा तुकडा लावला. सेल बसवले आणि डावा-उजवा, डावा-उजवा, दिवे नाचू लागले. शाळेत आम्ही दोघीच होतो. टाळ्या वाजवल्या आणि दोघीच हसत सुटलो.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाला निघण्याआधी मी सगळ्या मुलांना उभं केलं आणि सांगितलं, “काल मी हिला सगळ्यांसमोर बोलले. चूक माझी होती. ती हिने शोधली.” सोपं नव्हतं ते, खोटं कशाला बोलू! पण बोलले होते सगळ्यांसमोर, मग चूक कबूल करायची तीही सगळ्यांसमोरच. आमच्या पाटीला बक्षीस मिळालं नाही. एका पाहुण्यांनी मात्र विचारलं, “ही विकत आणलीत का?” तेव्हा तिने पाटी उलटी करून वाकडीतिकडी वाट आणि तारेचा तुकडा दाखवला. म्हणाली, “नाही. हे बघा, इथे आमचं चुकलं होतं.”

तेव्हापासून आमच्या वर्गात एक नियम आहे. आराखड्याच्या कोपऱ्यात ‘क’ लिहायचा. मग कागद खिडकीच्या काचेवर उलटा धरायचा आणि पलीकडून दिसणाऱ्या वाटा मागच्या बाजूला गिरवायच्या. ही मागची बाजू म्हणजे तांब्याची बाजू. चिकटपट्टीने कागद लावताना तीच बाजू वर ठेवायची. तांब्यावर ‘क’ उलटा दिसला तर पाटी सुलट. ‘क’ सुलट दिसला तर थांबा!

उरलेल्या पाण्याचं काय?

पाटी झाली तेव्हा एक मुलगा डबा उचलून म्हणाला, “बाई, हे मोरीत ओतू का?” मी हो म्हणणारच होते. मग आठवलं, आमची मोरी शाळेमागच्या ओढ्याला मिळते.

तांबं कुठे गेलं होतं, आठवतंय ना? ते सगळं या पाण्यात आहे. द्राक्षांच्या बागा असलेल्या गावातल्या मुलांना मोरचूद माहीत असेल. तोही तांब्याचाच क्षार. चुन्यात कालवून त्याचं बोर्डो मिश्रण करतात आणि वेलींवरची बुरशी मारायला फवारतात. जे बुरशीला मारतं, ते पाण्यातल्या माशांना आणि गोगलगायींनाही सोसत नाही. शिवाय हे द्रावण लोखंडाचे पाइपही खातं.

म्हणून ते ओतायचं नाही. एकदा वापरलेलं द्रावण बऱ्याच वेळा वापरता येतं. फक्त दर वेळी थोडा अधिक वेळ लागतो आणि रंग तपकिरीवरून हिरवट होत जातो. ते जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत भरा, बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘विष – फेरिक क्लोराइड’ लिहा आणि लहान भावंडांचा हात पोहोचणार नाही अशा जागी, कुलपात ठेवा. शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरू नका, कुणीतरी पिऊन बसेल! पाटी बुचकळलेलं पहिलं पाणीही याच बाटलीत घाला. द्रावण अगदी थकलं, की हायस्कूलच्या किंवा कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांना विचारून प्रयोगशाळेत द्या. तिथे त्यात धुण्याचा सोडा जपून घालून तांबं गाळाच्या रूपात खाली बसवता येतं आणि तो गाळ वेगळा काढता येतो. आमची बाटली आम्ही तालुक्याच्या कॉलेजात पोहोचवली, तेव्हाच आमचा प्रयोग पुरा झाला असं मी वहीत लिहिलं.

आज आराखडा संगणकावर काढून कारखान्याकडे पाठवला, तर थोड्या दिवसांत सुबक पाट्या घरपोच येतात. मोठेपणी तुम्ही तेच कराल आणि ते बरोबरच आहे. पण एकदा तरी ही पाटी स्वतःच्या हाताने करा. मग कोणताही रिमोट उघडा, त्यातल्या वाटा तुमच्या ओळखीच्या वाटतील. इथून धन वाट निघाली, इथे पूल आला, इथे ट्रान्झिस्टर बसला, असं बोट ठेवून वाचता येईल.

आणि पाटी चालली नाही तर? घाबरू नका, कुणावर रागावू नका. आराखडा एका हातात घ्या, पाटी दुसऱ्या हातात घ्या आणि खिडकीशी उभे राहा. चूक तिथेच कुठेतरी असते. आधी कोपऱ्यातला ‘क’ बघा!